तात्यांचा उलटा हात

तात्या कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावतात. फ्रिज, लोखंडी गेट, एसटीचा दांडा, देवळातली घंटासुद्धा. हाताची मागची बाजू क्षणभर टेकवायची, काढायची, मगच वस्तू धरायची. पहिल्या भेटीत मी नमस्काराला वाकले, तर माझ्या डोक्यालाही उलटाच हात. माझं आडनाव त्यांना नुकतंच कळलं होतं. मी बौद्ध. भडकून विचारलं, "सरळ हाताला काय झालं?"

"सवय हाय," ते म्हणाले. "सरळ हातानं धरलं आन् करंट असला, तर मूठ आवळती. सुटत न्हाई. उलटा हात आपसूक मागं येतो."

साखर कारखान्यात सगळी नोकरी वायरमनची. माझा राग निम्मा उतरला.

मी मिरजगावची. पत्रकं काढते. सगळ्यात तिखट पत्रक काढलं ते भीमेच्या फुगवट्यावर चालणाऱ्या लाँचवर. लोखंडी लाँच, खाली पाणी, मागं जनरेटर, आणि मोबाईल चार्जिंगला, चहाच्या बॉयलरला उघड्या वायरी खुपसलेले प्लग. 'हा प्रवास आहे की प्रयोग?' असा मथळा होता. लाँचवाले बाळूशेठ यांनी ते वाचलं आणि गठ्ठा भजीवाल्याला देऊन टाकला.

तात्यांनी पत्रक वाचलंच नाही. ते पिशवी घेऊन आले. पिशवीत स्वतः विकत आणलेला ईएलसीबी. करंट कुठं गळाला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडणारा, दोन बोटं रुंदीचा डबा. फुकट म्हटल्यावर बाळूशेठ लगेच तयार. तात्यांनी जनरेटरचा न्यूट्रल लाँचच्या पत्र्याला बांधला, तीन पिनांचे नवे प्लग बसवले, सगळ्यांची लाइन त्या डब्यातून घेतली. मग टेस्टचं बटण दाबून डबा पाडला, म्हणजे खटका खाली पडून लाइन तुटली. उचलला. परत पाडला.

"आधी पाडून दाखवावं, मंग चालू म्हनावं." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणाच्या वास्तुशांतीला गेले की पानावर बसायच्या आधी मीटरपाशी उभे राहतात. "पाडून दाखवा." लोकांनी त्यांना बोलावणं कमी केलंय.

मी विजयाचं पत्रक छापलं. फोटोसकट.

घोळ दुसऱ्याच दिवशी झाला. बॉयलर लावला की डबा पडायचा. बॉयलर संगीताताईचा. ती पलीकडच्या काठावर राहते, लाँचवर चहा विकते, आणि तात्यांची एकुलती एक लेक आहे. चार वर्षांपूर्वी तिनं आमच्यातल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं बंद. हे मला त्या दिवशी कळलं. उरलेला निम्मा राग दुप्पट होऊन परत आला.

दोघांत अंतर दीड हाताचं, मध्ये मी.

"त्यांना सांग, डबा काढा म्हनावं. गिऱ्हाईक शिव्या घालतंय मला."

"तिला सांगा, डबा खोटं बोलत न्हाई. बॉयलर गळतोय."

"त्यांना सांग, लई शहानपना झाला."

हे मी का सांगत होते, मला माहीत नाही. ऐकू तर दोघांनाही येत होतं.

तात्या रोज सकाळी पहिल्या फेरीआधी येऊन बटण दाबायचे. सोमवारी दाबलं. डबा पडला, दिवे गेले, चार्जिंग गेलं. बॉयलरचा लाल दिवा मात्र तसाच. संगीताताईनं वायर डब्याला वळसा घालून थेट जनरेटरवरून घेतली होती. डायरेक्ट. आमच्या तालुक्यात हा शब्द फार लाडका आहे. माझं विजयाचं पत्रक अजून लाँचच्याच खांबावर चिकटलेलं होतं.

तात्यांनी बॉयलरची वायर उपटली आणि लाँचच्या या टोकापासून त्या टोकाला येरझाऱ्या सुरू केल्या.

"तात्या, उतरा. पब्लिक खोळंबलंय," बाळूशेठ म्हणाले.

"न्हाई सुटायची लाँच."

मला राहवलं नाही. "चार वर्षं लेकीच्या दारात गेला नाहीत. जावयाची जात आडवी आली. आणि आता तिची काळजी?"

संगीताताईनं तोंड पाण्याकडे फिरवलं. तात्या थांबले. मग खाली बसले, बॉयलर उपडा करून पाणी काढलं, तळाची जळकी कॉइल सोडवली आणि पिशवीतून नवी काढली. बरोबर मापाची.

"ही कधी आणली?" मी विचारलं.

"डबा पडला त्याच दिवशी."

"मग दिली का नाही?"

"कोनी मागितली न्हाई."

कॉइल बसली. बॉयलर भरला, डब्यातून आलेल्या प्लगला लावला. बटण दाबलं, लाल दिवा गेला. डबा उचलला, दिवा लागला. लागलेलाच राहिला.

तात्यांनी बॉयलरच्या स्टीलवर हात ठेवला. सरळ, अख्खा तळवा. पाणी गुणगुणायला लागलं. हात तिथंच.

"तात्या," संगीताताई म्हणाली. माझ्याकडे न बघता. "भाजंल. काढा हात."

"डबा पडला न्हाई," ते म्हणाले. त्यांनी हात काढला, तळवा लाल झाला होता. "धर आता तू."

मी मधून बाजूला झाले.