बर्चला फुलं येत नाहीत

न्याहारीच्या टेबलावर हेरिबर्ट क्लेसगेन लागोपाठ शिंकला. मधल्या एका शिंकेत पावावरचा जॅम टेबलक्लॉथवर गेला. नाक पुसून त्याने खिडकीबाहेर बोट रोखलं आणि निकाल दिला, "तीच! तीच अवदसा!"

त्याच्या बायकोने, मार्लीसने, बाहेर पाहिलं. कुंपणापलीकडे शेजारच्या ट्रूडची चेरी पांढऱ्या फुलांनी लगडली होती आणि ट्रूड तिच्याखाली चादरी वाळत घालत होती.

"कोण? ट्रूड?"

"झाड गं! बघ कसं फुललंय, निर्लज्जासारखं."

नुसत्या शिंकांचं हेरिबर्टला एवढं वाटलं नसतं. ऱ्हाईनकाठच्या त्या गावात एप्रिल लागला की अर्धं गाव शिंकतं. पण एक मे रोजी चौकात मेचं झाड उभं करतात, त्याखाली पुरुषांचं गायनमंडळ गातं आणि शेवटच्या गाण्यातलं एक कडवं एकट्याने गायचं असतं. त्या कडव्यावर हेरिबर्टचा कित्येक वर्षं डोळा होता, आणि दरवर्षी ऐन वेळी माशी शिंकायची. म्हणजे माशी नव्हे, हेरिबर्टच. मग कडवं जायचं मंडळातल्या यूपकडे. यूपचा आवाज गंजलेल्या फाटकाचा होता, पण नाक कोरडं होतं.

हेरिबर्टने जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं होतं, त्यामुळे डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं अशी त्याची समजूत होती. झाडांचं एक पुस्तक काखोटीला मारून तो गावभर हिंडला. चर्चपाशी मॅग्नोलिया होता, पण तो लांब. शाळेमागचं सफरचंद अजून कळ्यांत. घराजवळ ठसठशीत फुललेलं झाड एकच. खुद्द त्याच्या अंगणात एक भलामोठा बर्च होता, पण त्याला कुठे फुलं होती? नुसत्या सुरवंटासारख्या शेंड्या लोंबत होत्या. पुस्तकात बर्चचं पान होतं. ते त्याने उलटलं.

"फुलं पांढरी," मार्लीस म्हणाली, "मग गाडीवर रोज धूळ बसते ती पिवळी कशी?"

"उन्हाने पिवळी पडते."

बर्चवर संशय घेणं तसंही शोभलं नसतं. त्या भागात एक मेच्या आदल्या रात्री पोरं जंगलातून बर्च तोडून आणतात, रंगीत कागदाच्या झिरमिळ्या लावून आवडत्या मुलीच्या घराला बांधतात. झाड महिनाभर तसंच राहतं. मेअखेरीस पोरगा ते उतरवायला येतो, तेव्हा घरच्यांनी त्याला केक खाऊ घालायचा. लीप वर्षी हा मान मुलींचा. तरुण हेरिबर्टने मार्लीससाठी बर्च आणला तो मुळासकट. "बाकीच्यांचं प्रेम जूनमध्ये चुलीत जातं," तो म्हणाला होता, "माझं रुजेल." आणि ते रुजलंही. घराच्या छपराच्या वर गेलं. पाहुण्यांना ही गोष्ट तो जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा सांगे.

त्याच संध्याकाळी त्याने कुंपणाशी ट्रूडला गाठलं.

"ट्रूडवहिनी, तुमच्या चेरीने माझा जीव घेतलाय."

"मॅथेसची चेरी आहे ती, भाऊजी." मॅथेस म्हणजे तिचा नवरा, हेरिबर्टचा जुना दोस्त, तो जाऊन तीन वर्षं झाली होती. "दवाखान्यात नेलं तेव्हा म्हणाला, चेरीला पाणी घालत जा. माझ्याबद्दल काही बोलला नाही मेला."

"मॅथेस असता तर माझे हाल बघून स्वतः कुऱ्हाड घेतली असती त्याने."

ट्रूड चिमटे गोळा करून आत गेली.

गाताना हेरिबर्टचा दम तोकडा पडे, पण छळायला तो भरपूर होता. ट्रूड अंगणात आली की तो कुंपणाशी जाऊन शिंके. जून उलटून खऱ्या शिंका थांबल्या तेव्हा खोट्या शिंके. बेकरीत त्याने सांगितलं, गायनमंडळात सांगितलं, चर्चच्या पायरीवर सांगितलं. जुलैत ट्रूडने नेहमीसारख्या चेरीच्या बरण्या कुंपणावरून दिल्या. त्याने त्या घेतल्या, खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिंकला. शेवटी बेकरीवालीच ट्रूडला म्हणाली, "अगं, माणसापेक्षा का झाड मोठं?" मग भेटेल तो तेच म्हणू लागला.

पाखरांच्या घरट्यांमुळे तिथे झाड थंडीतच पाडता येतं. जानेवारीत करवतवाले आले. ट्रूड स्वयंपाकघरात रेडिओ मोठ्याने लावून बसली. मार्लीस तिच्याकडे जायला निघाली, तर हेरिबर्ट म्हणाला, "आत्ता नको, उगाच रडारड होईल." आणि ती गेली नाही, याची लाज तिला पुढे फार दिवस पुरली.

एप्रिलमध्ये हेरिबर्टने सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकल्या. शिंका आल्याच, तर म्हणाला, "खुंटात उरलंय अजून." मेच्या गाण्यासाठी मात्र त्याने मंडळाकडून ते कडवं मागून घेतलं. झाड गेल्यावर नाही कसं म्हणणार? यूपनेही मोठ्या मनाने दिलं. चौकात मेचं झाड उभं राहिलं. तोही बर्चच, चांगला तीन मजली. हेरिबर्ट बरोबर त्याच्या बुंध्याशी उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि "हे वसंता" यातलं "हे" तेवढं म्हणाला. उरलेला वसंत यूपने पुरा केला. पहिल्या रांगेत ट्रूड बसली होती. ती हसली नाही, आणि हेरिबर्टला तेच जास्त लागलं.

गावच्या डॉक्टर नेटेकोव्हनबाईंनी त्याच्या हातावर निरनिराळ्या परागांचे थेंब टाकून टोचे मारले. चेरीची जागा सपाट राहिली. बर्चची जागा टम्म फुगली.

"चेरीचा पराग जड असतो, तो मधमाशी नेते," बाई म्हणाल्या. "वाऱ्यावर उडतो तो बर्चचा. जवळपास आहे का एखादा?"

"आहे एक," हेरिबर्ट म्हणाला, "पण त्याला फुलं येत नाहीत."

"त्या लोंबतात ना शेंड्या, तीच फुलं."

घरी येऊन त्याने मार्लीसला सांगितलं, दार लावून.

"मग? तोडायचा आपला बर्च?"

"वेडी का काय तू? त्यात आपलं अख्खं आयुष्य आहे! मी गोळ्या घेईन."

"गोळ्या मिळतात?"

"चांगल्या मिळतात म्हणे. आणि हे बघ, ट्रूडला यातलं काही कळायला नको. आता सांगून झाड थोडंच उभं राहणार?"

मार्लीसने पायात बूट घातले आणि ती कुंपणाला वळसा घालून शेजारी गेली.

पुढचं वर्ष लीप वर्ष होतं. एक मे रोजी सकाळी हेरिबर्टने झोपायच्या खोलीचा पडदा सारला, तर काचेला टेकून हिरवागार बर्च. झिरमिळ्या लाल, पिवळ्या, निळ्या, शेंड्या भरगच्च. मधोमध पुठ्ठ्याचा लाल बदाम आणि त्यावर ठळक अक्षरात त्याचं नाव. फाटकाबाहेर बेकरीवालीसकट बरंच गाव जमलं होतं. खाली ट्रूड हात पुसत उभी होती, आणि शिडी धरून मार्लीस.

"हे काय आरंभलंय वहिनी!" तो खिडकीतून ओरडला. "काढा ते!"

"काढायचं नसतं, भाऊजी. महिनाभर राहतं. प्रेमाचं झाड आहे."

"मार्लीस!"

"रीत आहे," मार्लीस म्हणाली. "तुला माहीत आहे. तूच तर पाहुण्यांना सांगतोस."

"मेअखेरीस मी न्यायला येईन," ट्रूड म्हणाली. "तेव्हा केक करून ठेवा. चेरीचा." मग जरा थांबून म्हणाली, "चेरी मात्र कुठूनतरी विकत आणा. आमच्याकडे आता नसतात."

कुणी हसलं नाही. हेरिबर्टने कुंपणापलीकडे उरलेल्या चेरीच्या खुंटाकडे पाहिलं. खुंटाशेजारी पाण्याची झारी ठेवलेली होती. गेल्या दोन वर्षांत जे एकदाही सुचलं नव्हतं ते सगळं त्याला एकदम बोलावंसं वाटलं. माफ करा वहिनी, चुकलं माझं, एवढंच. त्याने खिडकीबाहेर वाकून छाती भरून श्वास घेतला.

शिंका थांबल्या आणि त्याने डोळे पुसून पाहिलं, तेव्हा ट्रूड आत निघून गेली होती, आणि मार्लीसही तिच्याबरोबर.