जुन्या तोंडाची गाडी

बातमी कशी वाचावी हे मला कोणी शिकवायची गरज नाही. नेवाशाच्या ज्युनिअर कॉलेजात मी एकोणीस वर्षं कॉमर्स शिकवते, आणि शेअर बाजाराचं पान राशिभविष्याच्या आधी उघडते. असं करणारी दुसरी बाई तालुक्यात असेल तर तिनं पुढं यावं, मी स्वतः तिचा सत्कार करीन!

याच जोरावर मी आमचा गुंतवणूक गट काढला. भागिरथीकाकू, म्हणजे निवृत्त अंगणवाडी सेविका. निकिता, ब्युटी पार्लरवाली. गिऱ्हाईकाच्या चेहऱ्यावरचा लेप वाळेपर्यंत ती शेअरचे भाव बघून घेते. तिसऱ्या माझ्या सासूबाई रतनबाई. त्यांना गटात घेतलं नसतं तर मला घरात राहणं अवघड झालं असतं. आणि सल्लागार अर्थात मी. मी सांगायचं, प्रत्येकीनं आपापल्या मोबाईलवरून घ्यायचं किंवा विकायचं.

आमची सगळ्यात लाडकी कंपनी अडॅप्टर बनवायची. इलेक्ट्रिक गाड्यांचं दुखणं तुम्हाला ठाऊक असेल. एका कंपनीच्या गाडीचं चार्जिंगचं तोंड गोल, दुसरीचं चपटं, तिसरीचं डुकराच्या नाकासारखं! चार्जरचा प्लग तोंडात बसला नाही की मधे अडॅप्टर लावायचा. जितकी तोंडं जास्त, तितकं आमचं बरं.

आणि एका गुरुवारी सकाळी पहिल्याच पानावर बातमी! सहा मोटार कंपन्यांचं एकमत झालं, सगळ्यांचा चार्जिंग प्लग आता एकच! मी मथळा वाचला, पहिला परिच्छेद वाचला. बाकी वाचायला वेळ होता कोणाला? एकच प्लग म्हणजे अडॅप्टर संपला. अडॅप्टर संपला म्हणजे आम्ही संपलो!

भागिरथीकाकू रेशनच्या रांगेत होत्या.

"काकू, विका! आत्ताच्या आत्ता!"

"काय, साखर?"

"शेअर हो!"

निकितानं तर ब्लीच लावलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून फोन हातात घेतला. ती बाई त्या दिवशी जरा जास्तच उजळ होऊन घरी गेली म्हणतात.

सासूबाई घरामागच्या कांदाचाळीत कांदा निवडत होत्या. मी धावत जाऊन सगळं समजावलं.

"म्हंजे समद्या गाड्यांचं तोंड एक व्हणार?" त्यांनी विचारलं.

"हो!"

"मग जुन्या गाड्या काय नदीत टाकायच्या?"

"आई, हा बाजाराचा विषय आहे. तुम्ही विका!"

"बरं," म्हणाल्या, आणि पुढचा कांदा उचलला.

आम्ही विकलं तेव्हा भाव चौदा टक्के खाली आला होता. पण सगळं जग विकत असताना आपणही विकत असलो की कसं सुरक्षित वाटतं!

त्या शेअरचा भाव आता बघायचाही नाही असं मी सगळ्यांना बजावलं, आणि गट वाचला म्हणून शनिवारी भंडारदऱ्याला जायचं ठरलं. गाडी आमचीच, दोन वर्षांपूर्वी घेतलेली इलेक्ट्रिक. चालवायला माझे यजमान, पंकज. ते हायस्कूलला चित्रकला शिकवतात. डिकीत भाकरीची टोपली मावेना, म्हणून मी अडॅप्टरची पिशवी काढून घरात ठेवली.

"अगं, तो राहू दे," पंकज म्हणाले.

"आता सगळ्यांचा प्लग एकच आहे! पेपर वाचत जा जरा."

संगमनेरला त्यांनी गाडीचा वेग कमी केला. "इथल्या चार्जरला आपलं तोंड बसतं. अर्धा तास थांबू या का?"

"आता सगळीकडे बसतं! चला!"

मागून निकिता म्हणाली, "मॅडमना किती माहिती असते ना!" मला बरं वाटलं, हे कबूल करते.

अकोले गावाच्या पुढं चढ सुरू झाला. गाडीत पाच माणसं, एसी चालू. बॅटरीचा आकडा पंगतीतल्या जिलब्यांसारखा भराभर उतरू लागला. पंकज रस्त्याकडे कमी आणि आकड्याकडे जास्त बघत होते. धरणाच्या अलीकडच्या एका हॉटेलात पोचलो तेव्हा अकरा टक्के उरली होती. पण समोरच दोन चार्जर, त्यातला एक मोकळा! मी ऐटीत उतरले, प्लग उचलला आणि गाडीच्या तोंडाशी नेला. बसेना. फिरवून लावला. बसेना. पंकजनी लावून बघितला, निकितानं नखं सांभाळून लावून बघितला. शेवटी भागिरथीकाकूंनी, अंगणवाडीतल्या पोराला औषध पाजावं तसा, बळंच घालून बघितला. तेवढ्यात हॉटेलवाला धावत आला. गोरक्ष त्याचं नाव.

"ओ ताई, मोडाल! तोंड जुनं हाय."

"कोणाचं?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"गाडीचं, ताई."

"पण आता सगळ्यांचा प्लग एकच झाला ना?"

"व्हय, पर नव्या गाड्यांचा. पुढच्या सालापास्नं. पेपरात आलंय की समदं."

"कुठल्या पेपरात?" मी विचारलं. माझा आवाज बारीक झाला होता.

सासूबाई तेवढ्यात झाडाखाली शिदोरी सोडत होत्या. शेंगदाण्याच्या चटणीचा पुडा त्यांनी उलगडला, कागद झटकला आणि डोळ्यांपासून लांब धरला. गुरुवारचाच पेपर, पान सात! "ही बघ की, पयल्या पानावरची उरलेली बातमी हितं हाय," त्या म्हणाल्या आणि बोट ठेवून सावकाश वाचू लागल्या. "जुन्या गाड्यांच्या मालकांना... कंपन्या मोफत अडॅप्टर देणार. त्यासाठी... अडॅप्टर बनवणाऱ्या..." इथं तेलाचा मोठा डाग होता. दुर्दैवानं तेलामुळे अक्षरं आणखी ठळक दिसत होती. "...कंपनीला वीस लाख अडॅप्टरची ऑर्डर."

कंपनी आमचीच.

निकितानं मोबाईल काढला. रेंज नव्हती. ती बाकावर चढली, हात उंच केला, आणि वरूनच म्हणाली, "मॅडम, शुक्रवारी गुरुवारची सगळी घसरण भरून निघाली. वर अकरा टक्के जास्त."

मला शिव्या चालल्या असत्या! भागिरथीकाकू भाकरी मोडत राहिल्या आणि मोडलेली भाकरी तशीच ताटात ठेवत राहिल्या. निवृत्तीनंतर जोडलेले पैसे होते त्यांचे. घरच्यांना न सांगता, माझ्या शब्दावर. त्या वेळी मला खरोखर धरणात उडी मारावीशी वाटली, पण पाणी लांब होतं आणि उन्हात चालवेना.

"आई, तुमचेही गेले," मी सासूबाईंना म्हटलं.

"माझं कुठं? म्या इकलंच न्हाई."

"म्हणजे? बरं म्हणालात ना!"

"तू लई वरडत हुतीस. बरं म्हनल्याबिगर तू चाळीतनं जातीस व्हय?"

आता गाडीचं काय? गोरक्षकडे अडॅप्टर होता, पण एकच, तोही दुसऱ्या चार्जरवर लावलेला, आणि आमच्या आधी तीन जुन्या तोंडाच्या गाड्या. आमचा नंबर चौथा. चार तास! गोरक्ष मोकळाच होता, तो येऊन आमच्यात बसला.

"म्या पन घेतले की त्या कंपनीचे शेअर," तो म्हणाला. "रोज चार गाड्या अडॅप्टर मागत्यात, मला दिसतंय ना. गुरुवारी भाव पडला, म्हनलं कोन येडं इकतंय? घेऊन टाकले."

निकिता घाईघाईनं नखं बघायला लागली. पंकज उठून डोंगराचं चित्र काढायला गेले.

भागिरथीकाकूंनी मात्र पहिल्यांदाच मान वर केली. "दादा," त्या म्हणाल्या, "तुमचा नंबर देता का?"

चार तासांत माझं सल्लागारपद गेलं. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठकीच्या मधोमध मोबाईल ठेवतात आणि गोरक्ष स्पीकरवरून सांगतो. कुठली गाडी हॉटेलात जास्त येते, कुणाची कुठं अडते, एवढंच सांगतो. त्याचं ऐकून काकूंचं नुकसान सहा महिन्यांत भरून आलं. मला आनंदच आहे, अगदी मनापासून.

मला गटातून काढलं वगैरे नाही हं! माझ्याकडे चहाचं खातं दिलं आहे. परवाच्या बैठकीत माझ्या चहाच्या विरोधात तीन मतं पडली. त्यातलं एक फोनवरून आलं. त्या माणसानं माझा चहा अजून घोटभरसुद्धा प्यायलेला नाही!