अर्वोचा धूर बंद पडतो

हेल्मीची गाडी चर्चच्या वळणाला लागलेली दिसताच अर्वो कांगासने खिडकीचा पडदा सोडला, एक जाकीट घातलं, त्यावर दुसरं चढवलं आणि छिन्नी, हातोडी अन् गिलाव्याचा डबा घेऊन तो अंगणातल्या बॉयलरकडे धावला. चर्चच्या तळघरात बायका मांस-बटाट्याच्या करंज्यांसारख्या पेस्ट्या भरायला बसल्या की दुपारपर्यंत कुणी जागची हलत नाही. तेवढ्यात काम उरकायला हवं होतं.

बॉयलर म्हणजे पत्र्याची खोपटीच. तिच्या पोटात लाकूड जळायचं, पोटाभोवतीचं पाणी तापायचं आणि जमिनीखालच्या नळांतून घरात जायचं. आगीची झळ थेट लोखंडाला लागू नये म्हणून आतून भट्टीच्या विटा बसवलेल्या. त्यातली एक फुटली होती. फुटणारच! हा गडी ओंडका आत ठेवायचा नाही, लांबून भिरकावायचा. आता विटेच्या जागी उघडं लोखंड लाल होत होतं. ते जळून भोक पडलं की पाणी आगीत, आग पाण्यात, आणि ऐन फेब्रुवारीत घरातला नळ न् नळ गोठून तडकणार.

वीट बदलायची तर आधी आग विझवायला हवी आणि इथेच सगळी गोम होती. पानगळीच्या दिवसांत नवरा-बायकोची पैज लागली होती.

"सत्तरी उलटली तुझी," हेल्मी म्हणाली होती. "कुऱ्हाड उचलताना कण्हतोस ते घरात ऐकू येतं. गॅसवाल्या क्लेमला सांगून गॅस घेऊ या."

"माझी आग विझली तर बोलव त्या क्लेमला!"

"एकदा जरी विझली तरी?"

"एकदा जरी!"

झालं, हातावर हात मारला. तो राबायचा ती खाण बंद पडल्यापासून अर्वोला हे एकच काम उरलं होतं. गॅस आला की आपण म्हणजे खिडकीशी खुर्चीत ठेवलेलं बोचकं, ही भीती त्याच्या मनात घर करून बसली होती. क्लेमची टाकी अंगणात उभी राहिलेली नुसती डोळ्यांसमोर आली तरी तो उठून आगीत आणखी एक ओंडका भिरकावायचा.

म्हणून रात्री त्याने गुपचूप लाकूड घातलंच नाही. पाणी सकाळपर्यंत गरम राहिलं, हेल्मीला पत्ताही लागला नाही. आता त्याने उरलेले निखारे ओढून बादलीत काढले, राख खरवडली आणि दारातून डोकं, हात, खांदे असं करत तो कमरेपर्यंत आत शिरला. फुटकी वीट छिन्नीने उचकटली मात्र, वरची अख्खी ओळ सरसर खाली यायला लागली.

"अगं आई!" करत त्याने दोन्ही हातांनी ओळ पेलली. एका हाताने आणि हनुवटीने वरच्या विटा दाबून धरत त्याने कशीबशी नवी वीट गिलावा थापून खाली सरकवली. बसली! पण ओला गिलावा तो. हात सोडला की सगळं पुन्हा खाली. वाळेपर्यंत धरून ठेवणं भाग होतं. शिवाय मागे सरकून बघतो तर दोन्ही जाकिटं काखेत गोळा झालेली. बाटलीत बूच बसावं तसा अर्वो दारात बसला होता. डोकं उबेत, आणि पाय हाडं गोठवणाऱ्या थंडीत.

"हरकत नाही," तो स्वतःशी म्हणाला. "थोडा वेळ कळ काढायची. कुणाला कळतंय?"

सगळ्यांना कळलं होतं. त्या रस्त्यावर सकाळी उठून लोक आधी आभाळ बघत नाहीत, शेजाऱ्याचा धूर बघतात. धूर आहे म्हणजे माणूस आहे. अर्वो स्वतः रोज वायनोचा धूर बघूनच कॉफी प्यायचा. पण आपलाही धूर कुणी बघत असेल, हे काही त्याच्या टाळक्यात आलं नव्हतं.

बर्फात करकर पावलं वाजली.

"इम्पी, पाय दिसतायत!" हा शेजारचा वायनो. "गेला गं, गेला! शनिवारी सौनात वाफ घेताना ठणठणीत होता!"

"नीट बघ, हलतायत का!" ही त्याची बायको.

"मेलो नाही मी!" अर्वो आतून ओरडला. आवाज बॉयलरभर घुमला.

"देवा! अरे, जिवंत आहेस तर धूर का बंद केलास?"

"वीट बसवतोय! हेल्मीला सांगू नका म्हणजे झालं."

बाहेर बर्फात पायांची चुळबुळ झाली. ती अर्वोला मुळीच आवडली नाही.

"इम्पी?"

"मी चर्चमध्ये फोन केला रे," इम्पी चाचरत म्हणाली. "म्हटलं, अर्वोचा धूर बंद आहे आणि तो दार उघडत नाही."

"मी दार कसं उघडणार? मी दारातच अडकलोय!"

"थांब, ओढतो," म्हणत वायनोने पाय धरले.

"ओढू नकोस गाढवा! विटा पडतील!"

वायनोने पाय सोडले. मग कसलासा बटाटा-चीजचा वास आत आला. इम्पी हा पदार्थ फक्त कुणी गेलं की करते, हे गावात शेंबडं पोरही सांगेल.

"तू माझ्या मयताचं जेवण घेऊन आलीस?"

"रिकाम्या हाताने कसं यायचं?" इम्पी फणकारली. "आता केलंच आहे तर बाहेर आल्यावर खा."

इतक्यात एक जड गाडी आली. अर्वोने कान टवकारले. ते इंजिन त्याने झोपेतही ओळखलं असतं.

"धूर दिसला नाही, म्हणून वळलो," क्लेमचा आवाज आला. "अर्वो आहे ना?"

"अर्धा आहे," वायनो म्हणाला.

"त्याला हाकला!" अर्वो किंचाळला. "माझ्या अंगणात गॅस नको!"

"पाय निळे पडतील तुमचे, काका. भांडण नंतर करू," क्लेम म्हणाला आणि त्याने गाडीतला गॅसचा हीटर आणून अर्वोच्या पायांशी लावला.

अर्वोने दातओठ खाल्ले. मग हळूहळू ऊब पोटऱ्यांत चढली, गुडघ्यांत आली, वर्षानुवर्षं ठणकणाऱ्या कमरेत पसरली. ना लाकूड फोडायचं, ना राख उपसायची. नुसतं एक बटण दाबायचं. त्याचे डोळे मिटले. 'खिडकीशी खुर्ची,' त्याच्या मनात आलं, 'वर एखादी उशी... काय वाईट आहे?' आणि विटांना हनुवटी टेकून, हेल्मीला काय सांगायचं ते त्याने ठरवूनही टाकलं.

गिलाव्याने विटा धरल्या तशी हेल्मीची गाडी येऊन थांबली. पावलं जवळ आली आणि अर्वोच्या पार्श्वभागावर सणसणीत चापट बसली.

"आहे जिवंत," हेल्मी म्हणाली. "ओढा याला."

वायनो आणि क्लेमने एकेक पाय धरला. जाकिटं टराटरा फाटली आणि काजळीने माखलेला अर्वो बर्फात येऊन पडला. समोर हेल्मी उभी. अंगात कोट नाही, हात कोपरापर्यंत पिठाचे.

"हेल्मी, आग विझली," अर्वो म्हणाला. "पैज हरलो मी. आणि खरं सांगायचं तर..."

"गप्प बस!" ती ओरडली. "फोन यायच्या आधीच मला कळलं होतं. तळघरात सिंकवरच्या खिडकीतून आपला धूर दिसतो. गेली कित्येक वर्षं मी तिथे मुद्दाम भांडी घासायला उभी राहते, माहितेय? आज बघते तर नुसतं आभाळ! कोटही न घेता निघाले."

ती रडायला लागली. अर्वोला काय करावं कळेना. त्याने काजळीचा हात पुढे केला, तो तिने पिठाच्या हातात घट्ट धरला.

"क्लेम," नाक पुसत ती म्हणाली, "तुझा गॅस चांगलाच आहे रे. पण त्याचा धूर कुठे दिसतो? मला लांबून कसं कळणार, हा आहे की गेला? घेऊन जा तो हीटर. आमच्या घरी गॅस नको, आणि मी आहे तोवर येणार नाही."

"अगं, पण पैज..." अर्वो म्हणाला. "दिलेला शब्द पाळायला हवा, हेल्मी! माझी काही हरकत नाही!"

"माझी आहे," हेल्मी म्हणाली. "तू जिंकलास. बस्स."

वायनोने त्याच्या पाठीवर थाप मारून अभिनंदन केलं. क्लेमने हीटर बंद केला, गाडीत चढवला आणि टोपी उचलून निरोप घेतला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत अर्वो तिच्याकडे बघत उभा राहिला. मग कमरेवर हात ठेवून, कण्हत, त्याने कुऱ्हाड उचलली.