तिसरी मंजुरी

नव्या सर्व्हरला तिसरी मंजुरी देऊन नवरा खुर्चीत रेलला, तेव्हा आपण केवढा घोळ घातलाय याची त्याला सुतराम कल्पना नव्हती. सर्व्हर म्हणजे वेबसाइटची पानं मागेल त्याला पुरवणारा प्रोग्रॅम. हा जगाला फुकट मिळायचा, हौशी मंडळी मिळून लिहायची, आणि तिघांनी आपापल्या संगणकावर चालवून ‘मंजूर’ म्हटल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर पडायची नाही. मंडळींत नवऱ्याला ‘भिंग’ म्हणत. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही असा लौकिक होता, आणि तो त्याने जिवापाड जपला होता.

तपासायला त्याने बायकोचंच पडद्यांचं ऑनलाइन दुकान घेतलं. ते घरच्याच संगणकावरून, सर्व्हरच्या जुन्या आवृत्तीवर चालायचं. नवा सर्व्हर सुरू करून त्याने दुकान उघडलं. फोटो आले, ऑर्डर गेली. जुन्यापेक्षा जरा चपळच वाटतो, असंही त्याने मंजुरीत ठोकून दिलं.

बायकोला मात्र आपल्या दुकानावरचे प्रयोग पसंत नव्हते. तिने फारच तगादा लावला तसा तो म्हणाला, "बरं बाई, नवा बंद करतो. जुना लावेपर्यंत दुकान जरा बंद राहील."

त्याने बंद केला. बायको मोबाइलमध्ये बघत होती.

"अहो, बंद कुठे झालंय? आत्ताच एक ऑर्डर आली."

नवऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली. जुना बंद करायलाच तो विसरला होता. म्हणजे इतका वेळ दुकान जुनाच चालवत होता, आणि कौतुक झालं नव्याचं. त्याने जुना बंद करून नवा सुरू केला. नवा ढिम्म. परत केला. पठ्ठ्या चकार शब्द न काढता मान टाकत होता. आणि संध्याकाळी हजारो लोक हाच आपापल्या वेबसाइटला लावणार होते, भिंगाच्या भरवशावर.

लौकिक गेला खड्ड्यात, असं मनाशी म्हणायला त्याला बराच वेळ लागला. मग त्याने कप्तानाला, म्हणजे आवृत्ती काढणाऱ्या म्होरक्याला, फोन लावून मंजुरी मागे घेतली. कप्तान हसला. बाकी दोघांकडे झकास चालतोय, तुझाच संगणक बिघडला असेल, म्हणाला.

"त्यांना एवढंच विचार, जुना बंद केला होता का."

थोड्या वेळाने उरलेल्या दोन्ही मंजुऱ्या मागे घेतल्याचे निरोप आले. कारण कोणीच दिलं नव्हतं. पाठोपाठ कप्तानाचा फोन आला. आवाज पार बसला होता.

"भिंगा, मी पण आत्ता माझ्याकडचा जुना बंद करून बघितला."

"मग?"

"अरे, हा नवा सर्व्हर आजवर कोणाकडेच सुरू झालेला नाही. माझ्याकडेसुद्धा नाही. आणि लिहिलाय मी."

नवऱ्याने फोन ठेवला. तो स्पीकरवर होता, त्यामुळे बायकोने सगळं ऐकलं होतं.

"पण जुना छान चालतो, हे तर चौघांनी नीट तपासलंय ना?" ती म्हणाली. "मग तोच लावा परत. गिऱ्हाइकं खोळंबलीत."