कुबड्या डोंगराचे पोटी धूर कोंडिला, ते समयीची हकीकत

श्रीधरित्री समर्थ. जी राजाचे पाप, रयतेचे हाड आणि घुशीचे बीळ सारखेच पोटात घालते, तिचे चरणी मस्तक ठेवून लिहितो ऐसे की, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरे, श्रावण वद्य पंचमीपासून पुढे, एका राज्यात, ज्याचे नाव लिहिता लेखणी लाजते, येणेप्रमाणे वर्तमान जाहले.

राज्यात भट्ट्या बहुत. चुन्याच्या, लोखंडाच्या, विटांच्या. धुराडी अखंड ओकत, आणि धुरासंगे कर्बवायू आभाळी चढे, आणि आभाळ तापे, आणि शेजारचे राजे भरसभेत बोट दाखवून म्हणत की, तुमचे मुलखाची वाफ आमचे पिकास भाजते. महाराज वरमले. भट्ट्या कमी कराव्या तर भट्टीवाले रुसतात. मग मसलत बसली, आणि त्र्यंबकपंत म्हणोन एक मुत्सद्दी होते, ज्यांनी दगड पाहिला तो अंगठीत जडविलेला तेवढाच, ते उठोन बोलिले, "महाराज, वायू धरावा, नळाने डोंगराचे पोटात दाबावा, वर बूच मारावे. दिसणे नाही, बोभाटा नाही." महाराज प्रसन्न जाहले, पंतांस 'धूम्रसचिव' ऐसा किताब दिधला, आणि जागा म्हणोन कुबड्या डोंगर नेमिला. का नेमिला? तर तेथवर पालखीस रस्ता चांगला. मग नळ आले, यंत्रे आली, माथ्यावरून खोल वेध पाडिला, कोनशिला बसली, तीवर पंतांचे नाव कोरिले, आणि सर्व सिद्धता जाहलियावर कोणास आठवले की, अरे, खडक वायू धरील की नाही, हे तो कोणी पुसिलेच नाही. मग रीत म्हणोन खेत्रोजी पाथरवटास बोलावणे गेले.

हा खेत्रोजी साठीचा, विहिरी खोदणारांचे कुळातला. कातळावर हातोडीची टिचकी मारून आत पोकळ की भरीव हे सांगे. बोलणे थोडके, आणि तेही लोकांस कडू लागे. तरुणपणी त्याचा धाकटा भाऊ राणोजी एका जुन्या विहिरीत उतरला, आणि दोर खेत्रोजीचे हाती होता, आणि आधी दिवा सोडून पाहावा तो घाईने सोडिला नाही, आणि वर आले ते प्रेत आले. अंगावर ओरखडाही नव्हता. तेव्हापासून जे डोळ्यांस दिसत नाही त्याचेच भय खेत्रोजी धरी.

त्याने तीन महिने डोंगर पालथा घातला. वेधातून निघाल्या दगडाच्या कांड्या ओळीने मांडिल्या आणि एकेक भेग बोटाने चाचपिली. कोणती पांढऱ्या गारगोटीने आपोआप सांधली, कोणती उघडी, कोणती आडवी जाऊन मुकाट मरते, कोणती उभी चढून दुसरीस भेटते. पंत एक वेळ पालखीतून उतरोन पुसते जाहले, "भेगा आहेत काय?" खेत्रोजी म्हणाला, "पंत, भेगा नाहीत ऐसा डोंगर देवानेही केला नाही. पुसावे ते हे की, भेगा एकमेकींशी बोलतात की नाही. वायू दाबून भराल, तेव्हा मिटलेलीही तोंड उघडेल." पंतांनी कारकुनास सांगितले, "लिहा, देवाने केलेला डोंगर उत्तम आहे."

डोंगराचे पश्चिमेस परातीसारखे खोलगटात बुडकी नामे धनगरांची वाडी होती. माणसे चौपन्न, शेरडे दोनशे, आणि झरा एक. खेत्रोजीने घडेच्या घडे तांबडा आळता वेधात ओतिला आणि वाट पाहिली. दहावे दिवशी चांगुणा धनगरीण काठी घेऊन डोंगर चढली आणि गरजली, "माझ्या झऱ्यात कुंकू कालवलंय कुणी? शेळ्यांची तोंडं लालभडक झाली की रं!"

खेत्रोजीने हातची हातोडी खाली ठेविली. म्हणाला, "बाई, मीच. जेथून रंग आला, तेथूनच वायू येईल."

"येऊ दे की. वास आला की निघून जाऊ आम्ही."

"त्यास वास नाही."

"मग रंग?"

"रंग नाही. हवेहून जड. खोलगटात पाण्यासारखा साचतो. आधी दिवा विझतो, मग जनावर, मग माणूस."

चांगुणा काठी टेकून खाली बसली. म्हणाली, "मग बाबा, आम्हाला कळायचं कसं?" खेत्रोजीस राणोजीचे तोंड आठवले, आणि तो उठोन थेट दरबाराची वाट चालू लागला.

दरबारी त्याने उभे राहून सांगितले, "कुबड्यास पश्चिमेकडे उभी उघडी भेग आहे, ती बुडकीत निघते. येथे भरू नये. पूर्वेस तीन कोसांवर दुसरा डोंगर आहे, तेथे खोलात जाड चिकणमातीचा थर अखंड पसरला आहे. तेथे वायू राहील."

पंत हसले. म्हणाले, "भेग हा शब्द अशुभ. 'नैसर्गिक रेषा' म्हणावे. आणि नऊशे हात दगडात अर्धे बोट रेषा, म्हणजे सरासरीने काहीच नाही."

"पंत, नावेस भोक एकच असते. सरासरीवर नाव तरंगत नाही."

सभेत कोणी खोकले. लागलीच तीन शास्त्री उठले, ज्यांनी डोंगर चित्रात पाहिला होता, आणि डोंगर निर्दोष ऐसा निर्वाळा देते जाहले. खेत्रोजीस म्हणाले, तूही निशाणी कर. तो म्हणाला, "करितो. परंतु वायू भरतील ते आठ दिवस सचिवांचा डेरा बुडकीत झऱ्यापाशी पडावा. डोंगर निर्दोष आहे, मग अडचण कोणती?" महाराजांनी टाळी दिधली. "वाहवा! पंत, तुमचा डेरा तेथेच." पंतांचे तोंड ताकासारखे जाहले, परंतु हुकूम तो हुकूम.

फाल्गुन शुद्ध दशमीस वाजतगाजत नळाचे चाक फिरले आणि वायू आत चालला. खेत्रोजीने आधीच पायां पडोन वाडी उठविली होती. माणसे आणि शेरडे घेऊन चांगुणा माथ्यावर वेधापाशी जाऊन राहिली होती. झऱ्यापासून उतारावर त्याने पणत्यांची रांग लाविली आणि आपण वर धोंड्यावर बसला. आणि पंतांचा डेरा? तो झऱ्यापाशी पडला खरा, पण वीस हात उंच माचाणावर. पुसिले तर म्हणत, "देखावा चांगला दिसतो." दिमतीचे लोक हळूहळू उतारावर सरकले. सचिवांचा घोडा मात्र खाली बांधिलेला राहिला, कारण घोड्यास मसलत कोण विचारितो!

चौथे दिवशी दोन प्रहरी वारा पडला. झऱ्याचे पाणी बुडबुडू लागले. पहिली पणती विझली. मग दुसरी, मग तिसरी, ऐसी खालून वर क्रमाने. पंत माचाणावरून ओरडले, "वारा आहे, वारा!" आणि त्यांचेच निशाण काठीस चिकटून लोंबत होते. मग घोडा गुडघ्यांवर बसला, मान टाकिली, आणि उठला नाही. खेत्रोजी उभा राहिला. त्याने मुंडासे सोडून जिवाचे आकांताने माथ्याकडे हलविले. वर चांगुणाने पाहिले आणि चाकावरील शिपायास म्हणाली, "बंद कर."

शिपाई म्हणाला, "सचिवांचे मोहरेविना बंद करण्याचा हुकूम नाही."

"सचिव त्या लाकडावर माकडासारखा लोंबतोय. मोहर आणाया तू उतरतोस खाली?" ऐसे बोलोन तिने काठी त्याचे नडगीवर हाणिली, तो कोलमडला, आणि तिने अन् चार धनगरांनी चाक धरून फिरविले ते घट्ट बसेतो फिरविले. पंत सायंकाळचा वारा सुटेतो माचाणाचे खांबास मिठी मारून होते, आणि देवाचे नाव जन्मात प्रथमच मनापासून घेत होते.

मग दरबार भरला. खलिता वाचिला की, धूम्रसचिवांनी जिवावर उदार होऊन, खासा तळ देऊन, कुबड्याची भेग शोधून काढिली. त्यांस 'भूगर्भभास्कर' ऐसा दुसरा किताब जाहला. भेग हा शब्द तेव्हापासून शुभ ठरला. खेत्रोजीस नारळ मिळाला. चांगुणेस विनाहुकूम चाक फिरविल्याबद्दल ताकीद गेली. ती म्हणाली, "वाचता येत न्हाई मला," आणि कागद शेळीपुढे टाकिला. वायू पूर्वेचे डोंगरात नेला, तो तेथे आजतागायत स्वस्थ आहे, आणि त्या डोंगरावरही कोनशिला पंतांचीच.

खेत्रोजीने घरी येऊन राणोजीचे नावे पाण्याची ओंजळ सोडिली. बायकोने पुसिले, काय जाहले, तर म्हणाला, "या खेपेस दोर वेळेवर ओढला."

सारांश, बुडकीची चौपन्न माणसे आणि दोनशे शेरडे जिवंत राहिली, इतके यश पाथरवटाचे आणि धनगरणीचे. बाकीचे सर्व यश दरबाराचे. लेखनसीमा.