मेश्रामकाकूंचे कावळे

मेश्रामकाकू बोलता बोलता एकदम उजवा हात वर करतात, ट्रॅफिक पोलिसासारखा. समोर कुणीही असो, त्यानं आपलं वाक्य तिथंच सोडायचं. काकूंची नजर आभाळात, ओठ हलतायत, डाव्या मुठीतलं मोजणीचं यंत्र टकटक वाजतंय. थवा दिसेनासा झाला की हात खाली येतो. "हं, बोल. घटस्फोटाचं काय सांगून राहिली होतीस?"

घटस्फोट माझाच होता. अमेरिकेत बेलव्ह्यूतल्या मराठी मंडळींच्या एका पॉटलकनंतर, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणानंतर, पार्किंगमध्ये मी त्यांना तो सांगत होते, आणि ती आमची पहिलीच भेट. मला राग यायला हवा होता. आलं मात्र हसू, आणि तेही कित्येक महिन्यांनी.

काकू मूळच्या नागपूरच्या. बेलव्ह्यूपासून दोन तासांवर गाईंची आणि मक्याची एक काउंटी आहे, आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी, तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी नोकरी केली आणि तिथंच रिटायर झाल्या. आधी रक्तातल्या पेशी मोजायच्या, आता कावळे मोजतात. हॉस्पिटलसमोर नदीकाठी कॉटनवुडची उंच झाडं आहेत. हिवाळ्यात सगळ्या काउंटीतले कावळे संध्याकाळी तिथं मुक्कामाला येतात. काकू दर आठवड्याला त्यांची मोजदाद करतात आणि आकडा वन्यजीव खात्याला ईमेलनं कळवतात. किती वर्षं चाललंय, हे आता खात्यातल्या लोकांनाही आठवत नाही. ती माणसं बदलली, काकू आहेत तिथंच आहेत.

एकदा एका आजोबांनी अगदी आदरानं विचारलं, "पितरांसाठी करता का हे?"

"आम्ही बौद्ध आहोत, भाऊ. पिंडबिंड काही नाही. मी फक्त मोजते. अन् तुम्ही बोलून राहिले, तिकडे माझी अख्खी रांग निघून गेली ना!"

मागच्या जानेवारीत मी त्यांच्याबरोबर मोजणीला गेले. झाडांपाशी दोन पिकअप उभे होते. एकाला टेकून हॅरॉल्ड उभा होता, म्हणजे त्या झाडांचा आणि पलीकडच्या गोठ्याचा मालक. सोबत त्याचे दोन मित्र. तिघांच्याही हातात बंदुका.

"मिसेस मेश्राम, आज घरी जा," तो म्हणाला. कावळ्यांनी त्याच्या मुरघासावरचं प्लास्टिक पुन्हा फाडलं होतं. पाणी शिरून गाईंचा चारा सडला होता. हिवाळा अजून निम्मा बाकी होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याचे डोळे लाल झाले होते. बंदूक चालवायची परवानगीही त्याच्याकडे होती.

मी काकूंची बाही धरली. "काकू, चला. प्लीज."

"आज मोजायचा दिवस आहे," काकू म्हणाल्या, आणि चिखल तुडवत सरळ झाडांखाली जाऊन उभ्या राहिल्या. बंदुकांच्या अगदी समोर.

निर्जन रस्ता, अनोळखी माणसं, हत्यारं, आणि मध्ये स्वेटरवर जॅकेट, जॅकेटवर मफलर घातलेली आमची पाच फुटी बाई. मी फोनवर पोलिसांचा नाइन वन वन दाबून ठेवला, फक्त कॉलचं बटण राहिलं होतं.

पूर्वेकडून पहिली काळी रेघ दिसली.

"तिथून बाजूला व्हा!" हॅरॉल्ड ओरडला.

"मोजून झालं की होते."

"मॅम, मी सांगतोय तुम्हाला!"

काकूंनी हात वर केला. हॅरॉल्ड चक्क गप्प बसला. यंत्राची टकटक मला रस्त्यावर ऐकू येत होती. एक थवा उतरला, मग दुसरा. झाडं काळी होत गेली. हॅरॉल्डच्या एका मित्राचा मात्र धीर सुटला. त्यानं बंदूक वर केली आणि आभाळात बार काढला.

सगळं आभाळ एकदम किंचाळलं. कावळे उठले, आणि त्या काळ्या गदारोळात काकू मला दिसेनाशा झाल्या. मी किंचाळत धावले. हॅरॉल्डही धावला, मित्राला शिव्या घालत, स्वतःची बंदूक चिखलात टाकून.

काकू चिखलात बसल्या होत्या. पाय घसरला होता, बाकी काही नाही. हॅरॉल्डनं गुडघ्यावर बसून हात पुढे केला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सगळे उठवले ना तुम्ही," काकू त्याला म्हणाल्या. "आता परत पहिल्यापासून."

त्यानं बंदुका गाडीत ठेवायला लावल्या. मग टोपी काढून तो काकूंच्या शेजारी उभा राहिला, अगदी गुमान. कावळे घिरट्या घालत हळूहळू उतरले. शेवटी काकूंनी त्याला एवढंच सांगितलं, "प्लास्टिकवर जाळी टाक. ताणून, वर उचलून. चोच पोचली नाही पाहिजे." पुढच्या आठवड्यात त्यानं ती टाकली. कावळ्यांवरचा राग त्याचा अजून गेलेला नाही, पण बंदूक पुन्हा निघाली नाही.

परतताना गाडी मी चालवली. काकूंना किल्लीसुद्धा धरता येत नव्हती.

"मेश्रामसाहेब शेवटी त्याच हॉस्पिटलात होते," हॉस्पिटलवरून जाताना त्या म्हणाल्या. "खिडकीतून ही झाडं दिसायची. रोज संध्याकाळी विचारायचे, सगळे आले का गं? मी म्हणायची, आले. एक दिवस म्हणाले, न मोजताच कशी सांगतेस? दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर मी खाली गेले. नीट मोजले सगळे. आकडा सांगायला वर आले, तर..."

वायपर फिरत राहिले. काकू काचेतून बाहेर बघत होत्या.

"काकू," मी विचारलं, "आज किती आले?"

त्या वळून माझ्याकडे बघतच राहिल्या. साहेबांनंतर त्यांना हे असं तोंडानं कुणी विचारलं नसावं. त्यांनी चष्मा काढला, बाहीला पुसला, पुन्हा घातला, आणि हळू आवाजात मला आकडा सांगितला.

"मागच्या खेपेपेक्षा थोडे जास्तच आहेत," त्या म्हणाल्या.