मस्कत येथील चार सलग विजय

सांगलीच्या विश्रामबागेतील ‘कृष्णाकाठ हौशी हॉकी मंडळा’ला सन १९९४च्या नोव्हेंबरात मस्कतहून एका स्पर्धेचं निमंत्रण आलं आणि स्थापनेनंतर प्रथमच मंडळासमोर हॉकी खेळण्याचा प्रश्न उभा राहिला. तोवर मंडळ कोजागिरीचं दूध, वार्षिक सभा आणि दिवंगत सभासदांना श्रद्धांजली या तिन्ही आघाड्या समर्थपणे सांभाळत होतं. मंडळाचा चिटणीस सुमंत हाच कर्णधारही होता, कारण रबरी शिक्का त्याच्याकडे होता.

मंडळात हॉकी येणारा माणूस एकच. निवृत्त हवालदार सयाजी. मूळचा म्हसवडकडचा, आता विश्रामबागेतल्या एका कॉलेजवर पहारेकरी. पलटणीच्या संघात तो अठरा वर्षं सेंटर हाफ खेळला होता. परदेशी संघाशी खेळायची संधी दोनदा चालून आली. एकदा त्याला कांजिण्या निघाल्या, एकदा बदली निघाली. आता वय पंचेचाळीस होतं आणि उजवा गुडघा जिना चढताना आवाज करायचा. निमंत्रणाचा फॅक्स पाहून तो घरी आला आणि माळ्यावरून स्टिक काढून तिला तेल लावत बसला.

“आवं, जेवायचं हाय का त्या काठीला ऊब द्यायची हाय नुसती?” बायको अंबूबाईनं विचारलं.

“अंबू, एक मॅच,” सयाजी म्हणाला. “एकच. भायेरच्या मुलखातल्या टीमसंगं. मग गुडघा गेला तरी जाऊ दे.”

फॅक्समध्ये लिहिलं होतं की, स्पर्धा ‘जानेवारीच्या तिसऱ्या वीकएंडला’ आहे. हा मजकूर घेऊन सुमंत आणि सयाजी परवानगीसाठी ‘हौशी क्रीडा परदेशगमन समन्वय कक्षा’त गेले. कक्षाचे वरिष्ठ समन्वयक गोपाळकृष्ण हे शिस्तीचे गृहस्थ होते. फॅक्स त्यांनी दोनदा सुलटा आणि एकदा उलटा वाचला.

“दिनांक नाही,” ते म्हणाले. “वीकएंड म्हणजे शासकीय परिभाषेत सप्ताहांत. सप्ताहांत म्हणजे शनिवार-रविवार. तसं लिहून टाका.”

“सायेब,” सयाजी म्हणाला, “तिकडं शुक्रवारची सुट्टी असती. त्यांचा वीकएंड गुरुवार-शुक्रवार.”

“पुरावा?”

“माझा मेव्हणा धा वर्सं मस्कतला हाय.”

“हवालदार, मेव्हणा हा कागद नव्हे.”

सुमंतनं सुचवलं की, यजमानांनाच फॅक्स करून विचारावं. गोपाळकृष्णांनी चष्मा काढला. ही चौकशी म्हणजे परराष्ट्राशी पत्रव्यवहार ठरत होती. त्यासाठी स्वतंत्र परवानगी लागत होती आणि ती मिळेपर्यंत तिसराच काय, जानेवारीतला एकही वीकएंड शिल्लक राहणार नव्हता. मात्र प्रश्न गंभीर असल्यानं त्यांनी एक त्रिसदस्यीय उपसमिती नेमली. उपसमितीनं प्रत्यक्ष पाहणी केली, म्हणजे कक्षाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ तिघे जाऊन उभे राहिले. कॅलेंडरात रविवार लाल होता. शुक्रवार काळा होता. अहवालात नमूद झालं: ‘शुक्रवार हा सुट्टीचा वार असल्याचे कोठेही आढळून आले नाही. एखाद्या देशात तसा प्रघात असल्यास ती त्या देशाची अंतर्गत बाब आहे.’

संघाचं मनोबल राखण्यासाठी पथकप्रमुख म्हणून गोपाळकृष्ण स्वतः जायला तयार झाले.

मंजुरीच्या कागदाप्रमाणे जानेवारीतल्या तिसऱ्या शनिवारी पहाटे विमान मस्कतला उतरलं. घ्यायला कोणी आलं नव्हतं. गोपाळकृष्णांनी वहीत ‘यजमानांचा ढिसाळपणा’ अशी नोंद केली आणि दोन गाड्या करून पथक थेट मैदानावर नेलं. मैदान सुरेख होतं. चुन्याच्या रेघा थोड्या पुसलेल्या, कोपऱ्यात पताकांचा ढीग, आणि एक बलुची माळी नळीनं पाणी मारत होता. त्याचं नाव करीमबक्ष.

पलटणीतल्या हिंदीत सयाजीनं त्याला विचारलं, “टूर्नामेंट किधर है, भाई?”

“टूर्नामेंट तो कल खतम हो गया,” करीमबक्ष म्हणाला. “इंडिया से कोई टीम आनेवाली थी. बहुत नाम पुकारा उनका.”

सयाजी मटकन पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसला. सुमंतचा चेहरा उतरला. गोपाळकृष्णांवर मात्र काडीचा परिणाम झाला नाही. त्यांनी मंजुरीचा कागद काढून घड्याळाशी ताडून पाहिला.

“शनिवार, सकाळी साडेसात. आपण मंजूर दिवशी, मंजूर वेळी मैदानावर हजर आहोत. प्रतिस्पर्धी हजर नाहीत. नियम काय सांगतो?”

“पंधरा मिनिटं वाट बघायची,” सुमंत चाचरत म्हणाला, “आणि मग पुढे चाल.”

“मग बघा.”

“पर सायेब,” सयाजी म्हणाला, “समोर कोनच न्हाई.”

“म्हणून तर आपण जिंकतोय, हवालदार.”

अकरा जण आपापल्या जागी उभे राहिले. नाणेफेक रीतसर झाली. सुमंतनं ‘छापा’ म्हटलं आणि काटा पडला. नाणेफेक हरल्याचं संघाला थोडं वाईट वाटलं. गैरहजर संघाला बाजू निवडण्यासाठी दोन मिनिटं देण्यात आली. त्यांनी ती निवडली नाही, हा त्यांचा प्रश्न. पंधरा मिनिटांनी गोपाळकृष्णांनी शिट्टी फुंकली. पहिला सामना जिंकला होता. मध्ये पाणी पिऊन संघ उपउपांत्य फेरीसाठी पुन्हा उभा राहिला. उपांत्य फेरीत आपल्या गोलकीपरच्या पायात गोळा आला, त्याच्या जागी राखीव उतरवला. अंतिम सामन्याला तर गोपाळकृष्णही उभ्याने होते. तासाभरात कृष्णाकाठ मंडळ अजिंक्य ठरलं. त्यांच्यावर एकही गोल झाला नव्हता. करीमबक्षनं नळी बंद करून साक्षीदार म्हणून चार गुणतक्त्यांवर अंगठा दिला. ही कसली मोजणी चालली आहे ते त्याला कळलं नाही, पण माणसं लांबून आलेली दिसत होती.

सगळे फोटो काढू लागले. सयाजी एकटाच गोलपोस्टला टेकून उभा राहिला. माळ्यानं त्याच्या हातातली तेल लावलेली स्टिक निरखली.

“खेलते हो?” त्यानं विचारलं.

“अठरा साल.”

“शाम को हम लोग खेलते हैं. ड्रायवर, बावर्ची, दो-चार मिस्त्री. आ जाओ.”

संध्याकाळी सयाजी गेला. त्याच्या आग्रहानं बाकीचेही फरफटत गेले. समोरच्यांच्या स्टिकांना सुतळी गुंडाळलेली होती, दोघे अनवाणी होते आणि सगळेच विलक्षण चपळ होते. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी तीन गोल केले. सुमंत चेंडू आला की बाजूला होऊन त्याला वाट देत होता. मध्यंतरानंतर चौथा झाला. मग सयाजीनं मैदानाच्या मध्यावर एका बावर्च्याच्या स्टिकखालून चेंडू काढला, डावीकडे एकाला चकवलं, उजवीकडे करीमबक्षला चकवलं, गुडघ्यातून काहीतरी कटकन वाजलं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गोलसमोरच्या डीच्या टोकावरून असा फटका मारला की चेंडू गोलमधल्या फळीवर आपटल्याचा आवाज टाकीपर्यंत गेला.

करीमबक्षनं त्याला उचलून घेतलं. गोल खाल्लेला गोलकीपरही धावत येऊन गळ्यात पडला. सयाजी लहान पोरासारखा हसत होता आणि रडत होता.

“सायेब, ल्ह्या वहीत,” लंगडत येऊन तो म्हणाला. “चार-एक. हरलो. गोल, सयाजी.”

“काय लिहू?” गोपाळकृष्ण म्हणाले. “चार सामने, चार विजय असा निष्कलंक अहवाल आहे. त्यात पराभव घुसडू? हा सराव होता.”

“सरावात हरलो म्हना.”

“सरावात कोणी हरत नसतं.”

“मग माझा गोल?”

“सरावात गोलही होत नसतात.”

सांगलीत जंगी सत्कार झाला. हार, फेटे, बँड, सगळं यथासांग. गोपाळकृष्णांनी ‘स्पर्धेत एकही प्रतिस्पर्धी आमच्यासमोर उभा राहिला नाही’ असं सांगितलं, आणि त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मग सयाजीला माइकपाशी उभं केलं.

“मंडळी, खरं सांगतो,” तो म्हणाला. “समोर कोनी नव्हतंच. आमी एकच मॅच खेळलो, ती मैदानावरच्या माळ्यासंगं. चार-एकनं हरलो. एक गोल म्या मारला.”

सभेचे अध्यक्ष गहिवरून म्हणाले, “पाहा! याला म्हणतात विनय!” टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पुढचं कोणालाच ऐकू गेलं नाही. विनयाबद्दल सयाजीला आणखी एक नारळ मिळाला.

दुसऱ्या दिवशी तो आणि अंबूबाई सिद्धनाथाच्या दर्शनाला म्हसवडला निघाले. एसटी स्टँडवर गाडीला वेळ होता. अंबूबाई म्हणाली, “आता सांगा बरं नीट. त्यो गोल कसा मारला?”

सयाजीनं छत्री उलटी धरली आणि दुखऱ्या गुडघ्यावर वाकून तिला सगळा गोल मारून दाखवला. ती तोंडाला पदर लावून बघत राहिली. “बावर्ची हुता व्हय मधी?” तिनं विचारलं आणि त्याला तो पुन्हा मारायला लावला.

बाकावर एक वाचनप्रिय गृहस्थ बसले होते. सरकारी कारभाराची टिंगल करणाऱ्या गोष्टी त्यांना मनापासून आवडत. त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं आणि सयाजीकडून सारी हकीकत पहिल्यापासून ऐकली. कॅलेंडरला ते हसले, नाणेफेकीला तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “काय हा देश! काय ही माणसं!” म्हणाले. सयाजीला बरं वाटलं. निदान एकाला तरी खरं पटलं होतं.

मग गृहस्थ थोडे जवळ सरकले. इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

“पुढल्या खेपेला आमच्या मुलाला, धवलला, संघात घेता येईल का हो? त्याला हॉकी येत नाही. पण उभा फार छान राहतो.”

ते गृहस्थ कोण होते, हे सयाजीला शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्हाला आरशात पाहिल्यावर कदाचित कळेल.